लालपाय्या ससाणा आणि त्याचं भलतीकडे उगवणं

पंखवाट

२००४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्यालगत मार्थाज व्हिनयार्ड नावाचं बेट आहे. तिथे काटामा भागात एक छोटा विमानतळ आहे, धावपट्ट्या चक्क गवताच्या. त्या गवतावर एक लहान ससाणा नाकतोडे पकडताना दिसला. फोटो जाणकारांपर्यंत गेले आणि एकच गडबड उडाली. तो होता रेड-फूटेड फाल्कन, म्हणजे लालपाय्या ससाणा. आदल्या वर्षी जन्मलेला नर. अख्ख्या अमेरिका खंडात, उत्तर आणि दक्षिण धरून, हा पक्षी त्याआधी कधीच नोंदला गेलेला नव्हता.

त्याचं घर कुठे? हंगेरी, रोमानिया, युक्रेनपासून रशिया-कझाकस्तानची गवताळ मैदानं ओलांडून पार बैकल सरोवराच्या बाजूपर्यंत. हिवाळा काढायला तो जातो आफ्रिकेच्या दक्षिणेला: अंगोला, नामिबिया, बोत्स्वाना. या दोन टोकांच्या मध्ये कुठेही अटलांटिक येत नाही, तरी हा पठ्ठ्या दोनेक आठवडे त्या विमानतळावर मुक्काम ठोकून होता. देशभरातून लोक फेरीबोटी पकडून त्याला पाहायला येत होते.

हा धागा काढण्याचं कारण असं की अशा पक्ष्याबद्दल बोलताना आपण 'वाट चुकला बिचारा' म्हणून विषय संपवतो. मला ते पटत नाही. लालपाय्याच्या भलतीकडच्या नोंदी एकत्र मांडल्या तर महिने, वयं आणि वारे यांचं गणित दिसायला लागतं. बहुतेक नोंदी वसंतातल्या किंवा उन्हाळ्यातल्या. बऱ्याच एक वर्षाच्या पक्ष्यांच्या. आणि ब्रिटनमध्ये येणारे पक्षी बरेचदा पूर्वेकडचे उबदार वारे वाहत असताना येतात. हे सगळं नुसत्या योगायोगाने कसं होईल?

पक्ष्याची ओळखही करून देतो. लांबी साधारण ३० सेंटिमीटर, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. पूर्ण वाढलेला नर पाटीसारखा करडा, मांड्या आणि शेपटीखालचा भाग विटकरी, पाय लालभडक. मादी अगदी वेगळी: डोकं आणि पोट पिवळसर नारिंगी, पाठ करडी आणि आडव्या पट्ट्यांची. खाणं मुख्यतः किडे. चतुर, नाकतोडे, उडणाऱ्या वाळव्या. पिल्लं वाढवताना बेडूक, छोटे उंदीरही चालतात. स्वतः घरटं बांधत नाही. रूक जातीच्या कावळ्यांची जुनी घरटी बळकावतो आणि वसाहतीने राहतो, जे ससाण्यांमध्ये फारसं दिसत नाही.

शंकासुर

धागा आवडला, पण पहिलीच शंका. अटलांटिक ओलांडला म्हणता. दीडशे ग्रॅमचा पक्षी, जमिनीवरचे किडे खाणारा. जहाजावर बसून आला नसेल कशावरून? किंवा कुणाच्या पिंजऱ्यातून सुटला नसेल?

पंखवाट

शंका रास्तच. पिंजऱ्याबद्दल आधी. पाळलेल्या पक्ष्याच्या पायात बहुधा कडी किंवा चामडी पट्टा असतो, शेपटीची आणि पंखांची टोकं जाळीला घासून झिजलेली असतात, माणसाची भीती कमी असते. शिवाय लालपाय्या हा काही शिकारीसाठी पाळायचा ससाणा नाही. किडे खाणारा पक्षी बाळगून कुणाला काय मिळणार?

जहाजाचं मात्र छातीठोक कुणीच सांगू शकत नाही. पण पटणारा अंदाज दुसरा आहे. लालपाय्याचा जाण्याचा आणि येण्याचा रस्ता एकच नसतो. शरद ऋतूत तो पूर्व भूमध्य समुद्रावरून खाली उतरतो. वसंतात परतताना बराच पश्चिमेला सरकतो, पश्चिम आफ्रिकेच्या अंगाने सहारा ओलांडून इटलीकडे चढतो. म्हणजे मोठा वळसा. आता वळशाच्या त्या पश्चिमेकडच्या भागात एखादा अननुभवी पक्षी आणखी थोडा पश्चिमेला गेला, तर तो समुद्रावर येतो. तिथे पूर्वेकडून पश्चिमेला वाहणारे व्यापारी वारे त्याला ढकलत नेतात. पलीकडचा किनारा गाठला की उत्तरेला जाण्याची उपजत ओढ आहेच. तिच्या मागे तो वर सरकत राहतो आणि ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्सला उगवतो. कुणी पाठलाग करून पाहिलेलं नाही हे, पण महिना, वय आणि वारा तिन्ही यात बसतात.

गवतफुला

वाचतेय. एक विचारू का? नेहमी एक वर्षाचेच पक्षी का सापडतात? मोठे शहाणे असतात म्हणून?

दुर्बीणवाला

शहाणपण हा एक भाग. दुसरा भाग म्हणजे घाई नसणं. मोठ्या पक्ष्याला वसाहतीत पोचून घरटं आणि जोडीदार पटकवायचा असतो, उशीर झाला की हंगाम हातचा गेला. एक वर्षाचे बहुतेक पक्षी त्या उन्हाळ्यात वीण करतच नाहीत. जिथे किडे भरपूर तिथे आठवडेच्या आठवडे थांबायला ते मोकळे. म्हणून ते सापडतातही जास्त, कारण एका जागी टिकून राहणारा पक्षी कुणाच्या तरी नजरेला पडतोच.

पूर्ण वाढलेल्या माद्याही बऱ्याच येतात ब्रिटनला. त्यामुळे 'फक्त पोरंटोरंच भरकटतात' असं मात्र नाही.

थेम्सकाठ

मी इंग्लंडमध्ये राहते, म्हणून इथलं लिहिते. इथे लालपाय्या दरवर्षी थोडे का होईना येतातच, मुख्यतः मे-जूनमध्ये. काही वर्षी तर लाटच येते. १९९२ च्या वसंतात शंभराहून जास्त आले होते आणि जुने पक्षीनिरीक्षक अजून त्या मे महिन्याबद्दल बोलतात. कारण हवामानाचं. स्कँडिनेव्हियावर उच्च दाबाचं क्षेत्र ठाण मांडून बसलं की त्याच्या दक्षिणेच्या अंगाने पूर्वेचे वारे वाहतात, आणि इटली-हंगेरीकडे चढणारे पक्षी त्यांच्यासोबत उत्तर समुद्राच्या अलीकडे येऊन पोचतात. मे महिन्यात टीव्हीवर हवेचा नकाशा दाखवतात तेव्हा इथले काही लोक पावसासाठी बघत नाहीत, यासाठी बघतात!

२०१५ मध्ये स्टॅफर्डशायरला चॅटर्ली व्हिटफील्ड या बंद पडलेल्या कोळसा खाणीच्या परिसरात एक तरुण नर आला होता. मीही गेले होते. खाणीचे जुने मनोरे, त्याखाली झुडपं आणि पाणथळ, आणि तारेवर बसलेला हा. मधूनच झेपावून चतुर पकडायचा आणि उडता उडताच पायातून चोचीत घेऊन खायचा. पंख तेवढे खाली पडायचे. लोकांना तो अजिबात बुजत नव्हता.

आणि मग वाईट बातमी आली. त्याच सप्टेंबरात केंब्रिजशायरमध्ये व्हिटलसीजवळ एक लालपाय्या मेलेला सापडला. तपासणीत कळलं की गोळी घातलेली. पिसांच्या खुणांवरून तो आमचा स्टॅफर्डशायरचाच असावा असं जाणकारांचं मत पडलं.

गवतफुला

अरेरे. इतक्या लांब येऊन हे.

माळरानी

आपल्याकडे येतो का हा? मला आठवतंय, भारतीय पक्ष्यांवरच्या जुन्या इंग्रजी पुस्तकात 'रेड-लेग्ड फाल्कन' असं काहीतरी होतं.

पंखवाट

ते जुन्या पुस्तकातले पक्षी म्हणजे आजचा अमूर ससाणा. पूर्वी लालपाय्या आणि अमूर ही एकाच जातीची दोन रूपं मानत, अमूर ही पूर्वेकडची उपजात. आता दोन्ही स्वतंत्र जाती आहेत. त्यामुळे जुनी भारतीय नोंद वाचताना डोक्यात अमूरच धरायचा.

अमूरची वीण आग्नेय सायबेरिया, मंगोलिया, ईशान्य चीनमध्ये. हिवाळ्यात तोही आफ्रिकेच्या दक्षिण भागाकडेच जातो, फक्त त्याचा रस्ता भारतावरून आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नागालँड, मणिपूरमध्ये लाखोंनी उतरतो, वाळव्या खाऊन चरबी साठवतो, मग द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्रावर झेप घेतो ती थेट सोमालियाच्या बाजूला.

माळरानी

लोणावळ्याच्या पठारांवर नोव्हेंबर-डिसेंबरात फोटोवाल्यांची झुंबड उडते ती याच्यासाठीच ना? मी गेलोय. तारांवर ओळीने बसतात, धुकं उठलं की खाली उतरून किडे टिपतात.

दुर्बीणवाला

हो, तोच. २०१३ च्या नोव्हेंबरात नागालँडमध्ये दोयांग जलाशयाजवळ तीन अमूर ससाण्यांच्या पाठीवर उपग्रह यंत्रं बसवली. नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. भारतीय वन्यजीव संस्थेच्या बरोबरीने त्या कामात हंगेरीचे तज्ज्ञ होते. का, तर लालपाय्यावर अशी यंत्रं बसवण्याचा अनुभव त्यांच्याकडे होता! पाच-सव्वापाच ग्रॅमचं यंत्र, सौर ऊर्जेवर चालणारं. त्यापेक्षा जड असतं तर एवढ्याशा पक्ष्याला झेपलंच नसतं.

त्याच दोयांगला आदल्या वर्षी, २०१२ मध्ये, जाळी लावून हजारोंनी अमूर मारले जात होते. बातमी बाहेर आल्यावर गावपंचायती, चर्च आणि वनखातं एकत्र आले आणि पुढच्याच हंगामात हत्या थांबली. हे विषयांतर आहे, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

शंकासुर

विषयांतर चालेल. पण समुद्रावर हे खातात काय?

दुर्बीणवाला

चतुर. पँटाला फ्लॅव्हेसेन्स नावाचा पिवळा भटक्या चतुर त्याच दिवसांत, त्याच ईशान्येच्या वाऱ्यावर भारताकडून मालदीववरून आफ्रिकेकडे जातो. अमूरचा प्रवास आणि चतुरांचा प्रवास वेळेने आणि दिशेने इतके जुळतात की ससाणे वाटेत त्यांच्यावरच गुजराण करत असावेत हा तर्क २००९ पासून मांडला जातोय.

थेम्सकाठ

आता तुम्ही अमूरचा विषय काढलाच आहे तर यॉर्कशायरचा किस्सा सांगायलाच हवा. २००८ च्या सप्टेंबरात पूर्व यॉर्कशायरमधल्या टॉपहिल लो या पाणीपुरवठ्याच्या जलाशयापाशी एक तरुण ससाणा आला आणि जवळजवळ महिनाभर राहिला. लोकांनी पाहिला, फोटो काढले, 'लालपाय्या, छान' म्हणून वहीत टिपलं आणि घरी गेले. पुढे फोटो बारकाईने बघणाऱ्या कुणाच्या तरी लक्षात आलं की पंखाच्या आतल्या बाजूला पांढरी पिसं उगवतायत. लालपाय्या नराच्या पंखाखालचं अस्तर गडद असतं. पांढरं असतं ते अमूरचं!

म्हणजे ब्रिटनचा पहिला अमूर ससाणा. २०१७ च्या जुलैमध्ये कॉर्नवॉलला पोलगिगा इथे आणखी एक आला. टॉपहिल लोचा पक्षी जवळून बघूनही ज्यांनी दुसऱ्यांदा दुर्बीण लावली नाही ते अजून हळहळतात.

शंकासुर

थांबा थांबा. सायबेरियाचा पक्षी यॉर्कशायरला? हे तर मॅसॅच्युसेट्सपेक्षा अजब झालं. तुमचं वाऱ्याचं गणित इथे कसं बसवणार?

पंखवाट

इथे वाऱ्यापेक्षा संगत महत्त्वाची असावी. हिवाळ्यात आफ्रिकेच्या दक्षिण भागात लालपाय्या साधारण पश्चिमेला आणि अमूर पूर्वेला असतो, पण मधल्या पट्ट्यात दोघे एकत्र येतात. संध्याकाळी मोठ्या झाडांवर हजारोंच्या थव्यात मुक्कामाला उतरतात, सोबत लेसर केस्ट्रेल हे छोटे ससाणेही असतात. मार्चमध्ये थवे उत्तरेला निघतात. एखादा तरुण अमूर लालपाय्यांच्या घोळक्यात सामील झाला तर तो त्यांच्याबरोबर पूर्व आफ्रिकेऐवजी सहाराकडे वळणार आणि युरोपात उतरणार. इटलीत अमूरच्या नोंदी अनेक आहेत आणि त्यातल्या बऱ्याच वसंतात लालपाय्यांचे थवे जातात त्याच वाटेवरच्या. मला तरी हे स्पष्टीकरण सगळ्यात सरळ वाटतं.

म्हणून युरोपात लालपाय्यांचा थवा दिसला की त्यातला प्रत्येक पक्षी तपासावा असं तिथले लोक सांगतात.

माळरानी

तपासायचं कसं ते लिहा ना. आपल्याकडे उलटं करता येईल, अमूरच्या थव्यात लालपाय्या शोधायचा.

दुर्बीणवाला

मोठा नर सोपा: उडताना पंखाखाली पांढरं अस्तर म्हणजे अमूर, पूर्ण गडद म्हणजे लालपाय्या. बसलेल्या पक्ष्यात हे दिसत नाही, तेव्हा उडेपर्यंत थांबायचं.

मादीत तर गोंधळच नाही. लालपाय्याची मादी खालून नारिंगी, जवळजवळ बिनठिपक्यांची. अमूरची मादी खालून पांढरट, त्यावर काळे ठिपके आणि पट्टे, वरवर पाहिलं तर हॉबी ससाण्यासारखी.

खरी परीक्षा पिल्लांमध्ये आणि एक वर्षाच्या नरांमध्ये. एक वर्षाचा नर म्हणजे अर्धवट कपडे बदललेला: अंगावर करडी पिसं आलेली, पण पंखात आणि शेपटीत जुनी पट्टेदार पिसं शिल्लक. अशा वेळी पंखाखालची नवीन पिसं कुठल्या रंगाची उगवतायत एवढंच बघायचं. टॉपहिल लोला तेच कामाला आलं.

हॉबीशी घोळ व्हायला नको असेल तर नखं बघा. लालपाय्या आणि अमूर दोघांची नखं फिकट, पांढुरकी असतात. हॉबीची काळी. आजकालच्या कॅमेऱ्यात ते दिसतं. आणि लालपाय्या हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो, केस्ट्रेल थांबतो तसा. हॉबी सहसा तसं करत नाही.

गवतफुला

नखांचं भारी आहे! मी इतके दिवस फक्त गालावरच्या काळ्या मिशा बघत होते.

शंकासुर

मग आता माझा मूळ मुद्दा. केस्ट्रेलचं नाव निघालंच आहे. अशीच उलटी वाट कुणी केली आहे का? म्हणजे अमेरिकेतला छोटा ससाणा युरोपात?

पंखवाट

केली आहे. अमेरिकन केस्ट्रेल. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये त्याच्या दोन नोंदी झाल्या, मे महिन्यात फेअर आयल बेटावर आणि जूनमध्ये कॉर्नवॉलमध्ये. फेअर आयल म्हणजे स्कॉटलंडच्या मुख्य भूमीच्याही उत्तरेला. आणि इथे तुमची पिंजऱ्याची शंका मात्र अगदी लागू पडते, कारण अमेरिकन केस्ट्रेल पाळले जातात. त्यामुळे असा पक्षी दिसला की नोंदी तपासणारी समिती आधी कड्या आणि पिसांची झीज बघते, मग तारीख आणि त्या आठवड्यातलं हवामान, आणि त्यानंतरच यादीत घ्यायचं की नाही ते ठरवते.

आणि आपला जुन्या जगातला, म्हणजे युरोप-आशिया-आफ्रिकेतला, केस्ट्रेल तर १८८७ मध्येच मॅसॅच्युसेट्सला पोचला होता. त्या काळच्या रीतीप्रमाणे तो बंदुकीने पाडून नोंदला गेला. का कुणास ठाऊक, त्या राज्याच्या नशिबात युरोपीय ससाणे लिहिलेलेच दिसतात.

शंकासुर

हे मान्य. म्हणजे वारा आणि संगत, दोन्ही. पण तुम्ही 'गणित' म्हणता तेव्हा एक विसरता. माणसं जिथे दुर्बीण घेऊन उभी असतात तिथेच पक्षी सापडतो. ब्रिटनमध्ये दर मैलाला एक निरीक्षक. पश्चिम आफ्रिकेत मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर कोण उभं आहे? पश्चिमेला सरकलेले दहा पक्षी समुद्रात बुडाले असतील, त्यांची नोंद कुठे?

दुर्बीणवाला

+१. हे शंकासुरांनी नेमकं पकडलं. अटलांटिकमध्ये गेलेल्यांपैकी पलीकडे पोचलेला एकच आपल्याला माहीत आहे.

पंखवाट

बरोबर, नोंदींच्या आकड्यांवरून किती पक्षी भरकटतात ते काढता येत नाही. महिने आणि वयं मात्र तरीही बोलतात, कारण ब्रिटनमधले निरीक्षक ऑक्टोबरमध्येही तितकेच उभे असतात आणि तेव्हा लालपाय्या खूप कमी दिसतो.

आणखी एक. या पक्ष्याची मूळ घरची संख्याच घटते आहे. २०२१ पासून तो धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत 'असुरक्षित' गटात आहे. हंगेरीत १९८० च्या दशकात रूक कावळ्यांना मोठ्या प्रमाणावर मारलं गेलं. घरटी बांधणारेच गेल्यावर ससाण्यांनी राहायचं कुठे? २००० नंतर हंगेरी आणि आजूबाजूच्या देशांत झाडांवर लाकडी पेट्या टांगायला सुरुवात झाली, आणि लालपाय्यांनी त्या आनंदाने स्वीकारल्या. आता तिथल्या जोड्यांचा मोठा भाग पेट्यांमध्येच पिल्लं वाढवतो. पेटीत वाढलेल्या पिल्लांच्या पायात नंबर कोरलेल्या कड्या घालणं सोपं जातं, त्यामुळे उद्या कुठे भलतीकडे एखादा उतरलाच, तर तो कुठल्या पेटीतून निघाला हेही कळू शकेल.

माळरानी

कडी वाचायला पायाचा फोटो हवा म्हणजे. नखं आणि कडी, एकाच फोटोत दोन्ही. लोणावळ्याला येत्या हंगामात मी फक्त पायांचे फोटो काढणार आहे, बाकीच्यांनी चेहरे काढा.

थेम्सकाठ

काढा, पण गाडीतूनच काढा. तारेवरून सतत उठवलं की त्यांची साठवलेली चरबी उगाच खर्ची पडते, आणि पुढे अख्खा समुद्र आहे.

माळरानी

हो, गाडी म्हणजे आमची लपणच. दार न उघडता काच खाली करतो आणि त्यावर शेंगदाण्याची पिशवी टेकवून लेन्स ठेवतो. शेंगदाणे परतीच्या वाटेवर.